वाचकांचे प्रश्न : डुलकी ओळखणारा कॅमेरा

प्रश्न : आमचे हे तासगावहून द्राक्षं घेऊन रात्री वाशीला जातात. टेम्पोत झोप ओळखणारा कॅमेरा बसवलाय, पण सारखा वाजतो म्हणून हे त्यावर रुमाल टाकतात. त्याचा खरंच उपयोग आहे का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, आधी तो रुमाल काढायला सांगा. मी बावीस वर्षं ट्रक चालवला. एकदा उंब्रजच्या अलीकडे पहाटे चारला डोळा लागला, तो डाव्या चाकाखाली खडी वाजल्यावर उघडला. मधला रस्ता मला आजही आठवत नाही. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी जवळपास ६७ मीटर जाते हो!

हा कॅमेरा इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात पापण्या बघतो, म्हणून अंधारातही चालतो. मिनिटभरात डोळे किती वेळ जवळजवळ मिटलेले होते, ते तो मोजतो. साधी उघडझाप क्षणाची असते, पेंगुळलेली पापणी रेंगाळते. विनाकारण वाजत असेल तर तो स्टिअरिंगआड गेलाय का, चष्म्यावर उजेड चमकतोय का, ते बघा. बसवणाऱ्याकडून कोन नीट करून घ्या.

पण तो झोप घालवत नाही. वाजला की सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपायचं. चहा झोपण्याआधी घ्यावा, तरतरी यायला अर्धा तास लागतो. खिडकी उघडून, गाणी लावून भागत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय. व्यापाऱ्यालाही सांगून ठेवा, गाडी अर्धा तास उशिरा येईल.