टोरांटोतला पहिला कोट

अगं, पुण्याहून कोट नेऊ नकोस. उणे 20 मध्ये तो शालीइतकाच उपयोगी. तिथेच घे, आणि अंगात जाड स्वेटर घालूनच ट्रायल कर. आधी खांदे बघ. लोकरी कोटाच्या बाह्या शिंपी आखूड करून देतो, पण खांदे उसवून बसवणं फार महागात पडतं. तू ठेंगणी, कमरेखाली भरलेली; त्यामुळे मांड्यांच्या ऐन रुंद भागावर संपणारा कोट नकोच. गुडघ्याच्या जरा वर येणारा, खाली किंचित घेर असलेला बघ. पिसं भरलेल्या कोटाला शिवणीने पडलेले रुंद, फुगीर आडवे पट्टे असले की माणूस गुंडाळलेल्या गादीसारखा दिसतो (मी दोन हिवाळे तशीच फिरले!). पट्टे बारीक हवेत, कमरेला आतून नाडी असली तर उत्तम. रंग? काळा सगळेच घेतात. तू गडद मरून रंगाचा घे.