नताशाला निरोप द्यायचा राहिला होता

"सिनेमातलं पात्र मेलं, तीन आठवडे झाले, तरी मला रडू येतंय. माझ्या डोक्यात काही बिघाड झालाय का?"

हा प्रश्न लोक फार खालच्या आवाजात विचारतात. २०१९ च्या एप्रिलअखेरीस 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' लागला, त्यानंतर तो अनेकांच्या तोंडी होता. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मालिकेतला हा बाविसावा चित्रपट. सुरुवातीला जी मुलं शाळेत होती ती शेवटापर्यंत कमावती झाली होती, आणि १८१ मिनिटांच्या एका बैठकीत त्यांना टोनी (आयर्न मॅन), नताशा आणि स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) या तिघा नायकांचा निरोप घ्यावा लागला. त्याच सुमारास समुपदेशनासाठी आलेल्या एका तरुणीची ही केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय २५, नोकरी चांगली. आवडतं पात्र नताशा रोमानॉफ, म्हणजे ब्लॅक विडो. पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा ती रडली नाही, नुसती बधिर झाली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा व्होर्मिर ग्रहावरचा तो कडा, जिथे इतरांना वाचवण्यासाठी नताशा जीव देते, पडद्यावर आला आणि ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. त्यानंतर रोज रात्री अंथरुणात फोनवर तीच क्लिप सुरू झाली. तिचा सोबती क्लिंट यानं धरलेलं मनगट, नताशाचा शांत चेहरा, मग कड्याला पाय टेकवून तिनं स्वतःच सोडवून घेणं. एका रात्री मोजलं तर सतरा वेळा. झोप लागायला पहाटेचे तीन. कामात दोन ढोबळ चुका झाल्या. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, पिक्चर होता तो." आई म्हणाली, "आजी गेली तेव्हासुद्धा एवढी रडली नव्हतीस." आईचं ते वाक्य तिला जिव्हारी लागलं होतं, आणि त्यामुळेच ती आली.

अशा वेळी पात्राविषयी बोलण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. झोप किती, जेवण कसं, कामावर जाणं टळतंय का, हे सगळं चित्रपटाआधीपासून होतं की नंतर सुरू झालं, झोपेसाठी दारू किंवा गोळ्या चालू आहेत का. आणि एक प्रश्न आडवळण न घेता: "नताशानं उडी घेतली. आपणही नसावं, असा विचार तुमच्या मनात येतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचार असलाच, तर विचारल्यामुळे बोलायला वाट मिळते. या केसमध्ये हा प्रश्न टाळणं धोक्याचं होतं, कारण हा मृत्यू पात्रानं स्वतः निवडलेला आहे, तो उदात्त म्हणून दाखवलेला आहे आणि ही मुलगी तो रोज रात्री पाहत होती. उत्तर 'हो' आलं असतं, तर चित्रपट बाजूला ठेवून त्याच दिवशी सुरक्षिततेची आखणी, घरातल्या एका विश्वासू माणसाला कल्पना आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी, एवढंच केलं असतं.

तिचं उत्तर 'नाही' होतं. पण त्या 'नाही'मागोमाग ती सहज बोलून गेली, "तिचं खातं तरी मिटलं. माझं कधी मिटणार?" हे वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवलं. त्यावर लगेच बोलणं मुद्दाम टाळलं, कारण पहिल्याच भेटीत असं वाक्य उकरलं की माणूस ते परत घेतो.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे. खोट्या माणसासाठी खरं रडू कसं येतं? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी जवळिकीवर लिहिलं होतं. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही, तरी सवय, ओढ, काळजी सगळं खरं असतं. चेहरा, आवाज, वागण्याची ढब वर्षानुवर्षं भेटत राहिली की मन त्यांची नोंद ओळखीच्या माणसासारखीच करतं. १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला लेखकानं मारलं तेव्हा हजारो वाचकांनी त्या कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणी बंद केली होती. म्हणजे हे मोबाइलच्या पिढीचं खूळ नव्हे. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली, ज्याला आजूबाजूची माणसं दुःख म्हणून मान्यच करत नाहीत. त्याचं वैशिष्ट्य असं की मूळ दुःखाच्या जोडीला लाज येऊन बसते, आणि लाजेमुळे माणूस ते एकट्यानं, रात्री, चादरीखाली भोगतो. तिचं नेमकं तेच चाललं होतं.

आईच्या वाक्याचंही उत्तर द्यायला हवं होतं. आजी गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, कामं होती, कुणाला तरी सावरायचं होतं. थिएटरमधल्या अंधारात तिच्याकडून कुणालाच काही नको होतं. रडू तिथे येतं जिथे त्याला जागा मिळते, त्यावरून प्रेमाचं मोजमाप काढता येत नाही. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा नीट टेकून बसली.

पण नताशासाठीच एवढं का? इथे चित्रपटाची रचना बारकाईनं पाहावी लागते. तिघांचे निरोप तीन जातींचे आहेत. टोनी स्टार्क मरतो, पण त्याला सगळं मिळतं. बायकोशी शेवटचं बोलणं, मुलीसाठी रेकॉर्ड केलेला निरोप, तळ्याकाठी रांगेनं उभे असलेले सगळे सोबती आणि पाण्यावर सोडलेलं त्याचं ते जुनं यंत्रहृदय. चित्रपट संपताना नव्या प्रसंगाऐवजी फक्त धातूवर हातोडा पडल्याचा आवाज येतो, पहिल्या चित्रपटात गुहेत चिलखत ठोकतानाचा. टोनीचे चाहते ढसाढसा रडले, पण बहुतेकांचं रडणं वाहून गेलं. स्टीव्ह रॉजर्स मरत नाही, तो आपलं राहिलेलं आयुष्य जगायला भूतकाळात निघून जातो आणि म्हातारा होऊन परततो. त्याच्या चाहत्यांमध्ये दुःखापेक्षा राग जास्त दिसला: जिवलग मित्र बकीला सोडून गेलाच कसा?

नताशाला यातलं काहीच मिळत नाही. ती मरते तेव्हा गोष्ट निम्म्याहून अधिक झालेली असते, पण लढाई उरलेली असते. तिचे सोबती तळ्याकाठी काही क्षण थांबतात. टोनी विचारतो, तिचं कुणी कुटुंब होतं का, आणि स्टीव्ह सांगतो, आपणच. मग सगळे कामाला लागतात. शेवटी क्लिंट आणि दुसरी सोबतीण वांडा तिची आठवण काढतात, तेवढंच. तिला अंत्यविधी नाही, रांगेनं उभं राहणं नाही. अनेक चाहत्यांची तेव्हाची तक्रार हीच होती, आणि समुपदेशनाच्या दृष्टीनं ती रास्त आहे. विधी म्हणजे मनाला मिळालेली खूण, की आता थांबून रडायचं. ती खूण न मिळालेलं मन पुन्हा पुन्हा त्याच जागी जातं. ती क्लिप सतरा वेळा पाहण्याचा अर्थ हा होता.

दुसऱ्या भेटीत तिला एका कागदावर चार रकाने आखायला सांगितले: चित्रपटाचं वर्ष, तेव्हाचं तिचं वय, तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं आणि त्या वेळी नताशाकडून तिनं काय घेतलं. नताशाची ठळक भूमिका असलेले चित्रपट सात: २०१०, २०१२, २०१४, २०१५, २०१६, २०१८ आणि २०१९. तीन रकाने भराभर भरले जातात. चौथ्यापाशी हात थांबतो, म्हणून तो घरी न देता समोर बसूनच भरून घ्यावा. घरी दिला की लोक तिथे पात्राचे गुण लिहून आणतात, "धाडसी, हुशार" वगैरे.

तिचा हात २०१२ च्या ओळीवर थांबला. वय १८. त्या चित्रपटात नताशा म्हणते की तिच्या हिशेबाच्या वहीत लाल शाई आहे आणि ती तिला पुसायची आहे. त्याच वर्षी या मुलीची एक जिवलग मैत्रीण फार वाईट काळातून जात होती, आणि हिनं तिचे फोन उचलणं बंद केलं होतं. पुढे मैत्रीण दुरावली ती कायमची. तेव्हापासून ही कुणालाच 'नाही' म्हणत नव्हती. ऑफिसात सुट्टीच्या दिवशीचं काम हिच्याकडे, नातेवाइकांची धावपळ हिच्याकडे. सात वर्षं ती उधारी फेडत होती, आणि फेडता फेडता लाल शाई पुसली जाते हे तिला पडद्यावर दिसत होतं. एंडगेमनं तिला शेवटचा हप्ता दाखवला: जीव.

टिपून ठेवलेलं वाक्य आता समोर ठेवलं. ती बराच वेळ गप्प होती.

एक सावधगिरी सांगायला हवी. प्रत्येक चाहत्याच्या रडण्याखाली असं काही पुरलेलं असतंच असं नाही. अकरा वर्षांची सोबत सुटणं हे रडायला पुरेसं कारण आहे. समुपदेशक 'खरं' कारण शोधण्याच्या नादी लागला, तर भाऊ जे म्हणाला तेच तो वेगळ्या शब्दांत म्हणतो. इथे खणलं ते तिनं स्वतः वाक्य हातात दिलं म्हणून.

क्लिपचं काय करायचं? पूर्ण बंदी घातली की दोन दिवस टिकते आणि तिसऱ्या रात्री दुप्पट पाहिलं जातं. म्हणून नियम असा ठरला: दिवसाउजेडी, अंथरुणाबाहेर, फक्त २० मिनिटं, घड्याळ लावून. आणि कड्याची सुटी क्लिप बघायची नाही, बघायचं तर त्याच चित्रपटातला आधीचा प्रसंग. सुट्या क्लिपमध्ये माणूस फक्त पडत राहतो, त्याचं जगणं दिसतच नाही, आणि मनात आठवण म्हणून तेवढाच तुकडा घट्ट होतो. तिनं तो प्रसंग निवडला ज्यात नताशा टेबलाशी एकटी बसलेली आहे. अर्धं जग नाहीसं झाल्याला पाच वर्षं उलटलीत, केसांची टोकं अजून सोनेरी, वर मूळचा लाल रंग वाढलेला. उरलेल्या सोबत्यांशी बोलणं संपवून ती रडते, समोर सँडविच. स्टीव्ह येतो. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, हेही ठरलं. पहिल्या आठवड्यात नियम दोनदा मोडला, दोन्ही वेळा फोन उशाशी होता तेव्हाच.

तिसऱ्या भेटीआधी नताशाला पत्र लिहायचं होतं. पहिलं पत्र फसलं. चार पानं होती, सगळी माहितीची: कुठल्या चित्रपटात तिनं काय केलं, कुणाला वाचवलं. वाचताना तिचा आवाज सपाट होता. असं पत्र हटकून फसतं, कारण त्यात 'मी' नसतो. मग तीन अर्धी वाक्यं दिली: "तू होतीस म्हणून मी…", "तुझं मला पटलं नाही ते…", "इथून पुढे मी…". एक पान, ४० मिनिटं, हातानं, दुपारी. लिहून झाल्यावर एकाच माणसासमोर मोठ्यानं वाचायचं आणि किमान आठवडाभर इंटरनेटवर टाकायचं नाही. टाकलं की पत्र नताशाचं राहत नाही, प्रतिसाद देणाऱ्यांचं होतं, आणि कुणीतरी "एवढं काय" म्हणतोच.

तिनं वाचण्यासाठी धाकट्या भावाला निवडलं. मधल्या वाक्यात तिनं लिहिलं होतं, "तुझं मला पटलं नाही ते हे, की तुला वाटलं आता फक्त जीवच द्यायचा उरलाय." भाऊ काही बोलला नाही, बसून राहिला. घरच्यांनी एवढंच करावं. "पिक्चर होता तो" या वाक्यानं रडणं थांबत नाही, फक्त दाराआड जातं. त्याऐवजी "तुला तिचं काय आवडायचं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. लहान मूल विचारत असेल, तर दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: गोष्टीतला टोनी मेला, तो साकारणारा नट जिवंत आहे. "पुढच्या भागात येईल बघ" असं खोटं आश्वासन देऊ नये. मोठ्यांमध्येही टोनीला परत आणा म्हणून मोहिमा चालवणाऱ्यांचं दुःख लांबलेलं दिसतं, कारण ते निरोप पुढे ढकलत राहतात. २०२४ मध्ये तोच नट वेगळ्या, खलनायकाच्या भूमिकेत परतणार अशी घोषणा झाली, तेव्हा काहींची जुनी जखम पुन्हा उघडली. नट आणि पात्र मनात वेगळे केलेले नसले की असं होतं.

चौथ्या भेटीपर्यंत तिला रात्री बारापर्यंत झोप लागू लागली होती. जुन्या मैत्रिणीला लिहायचं का, हा प्रश्न तिनं स्वतः काढला. त्यावर घाई केली नाही. माफी मागताना समोरच्यानं उत्तर द्यावंच अशी अपेक्षा असेल, तर ती पुन्हा उधारीच होते. तिनं चार ओळींचा निरोप पाठवला, उत्तराची मागणी न करता. उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात तिला पुन्हा रडू आलं, यावेळी मैत्रिणीसाठी, आणि ते तिनं आईजवळ बसून रडून घेतलं.

सलग दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल, कामावर किंवा कॉलेजला जाणं सुटलं असेल, किंवा पात्रासारखं आपणही जावं असं एकदाही वाटलं असेल, तर पत्र आणि रकाने यांवर थांबू नका, प्रत्यक्ष तज्ज्ञाला भेटा.

२०२१ च्या जुलैत नताशाचा स्वतंत्र चित्रपट आला. श्रेयनामावली संपल्यावर तिची बहीण येलेना तिच्या थडग्यापाशी येते. दगडावर कोरलेलं आहे: मुलगी, बहीण, अ‍ॅव्हेंजर. त्या रात्री या मुलीचा एक ओळीचा निरोप आला: "फुलं ठेवलेली आहेत, आणि भाऊ सोबत होता."