वाचकांचे प्रश्न : खेळता खेळता इंग्रजी

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीत आहे. खेळण्यांची नावे मी तिला रोज इंग्रजीतून विचारते, पण चारपाच शब्द झाले की ती कंटाळून निघून जाते. माझे स्वतःचे इंग्रजी बेताचेच आहे. घरात सर्वांनी इंग्रजीतच बोलावे, असा तिच्या वडिलांचा आग्रह आहे. काय करावे? – एक पालक, बार्शी

उत्तर : चेंडू हातात धरून ‘व्हॉट इज धिस?’ असे विचारले, तरी ती तोंडी परीक्षाच असते, आणि परीक्षेतून मूल पळणारच. जिथे शब्द कळल्याशिवाय पुढची चाल करता येत नाही, त्याला भाषेचा खेळ म्हणावे. असा एक खेळ आपल्या मुलांना आधीपासून येतो. ‘टिपी टिपी टिपटॉप’ म्हटल्यावर बाकीची मुले ‘व्हॉट कलर डू यू वॉन्ट?’ असे एका सुरात ओरडतात, राज्य असलेला गडी रंगाचे नाव घेतो आणि त्या रंगाच्या वस्तूला हात लावण्यासाठी अंगणभर धावपळ उडते. येथे ‘यलो’ म्हणजे काय हे कोणी समजावून सांगत नाही. ते कळले नाही तर राज्य येते, एवढे कारण मुलांना पुरते. रंग सरावाचे झाले की रंगाऐवजी ‘समथिंग राउंड’, ‘समथिंग सॉफ्ट’ असे म्हणावे. ‘चिमणी उड, म्हैस उड’ हा बोट उचलण्याचा खेळही ‘क्रो, फ्लाय! बफेलो, फ्लाय!’ असा खेळता येतो, आणि म्हैस उडवणाऱ्याची फजिती दोन्ही भाषांत सारखीच होते.

या दोन्ही खेळांत बहुतेकांना बोलावे लागत नाही, ऐकून कृती करावी लागते, हे लक्षात घ्यावे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे : शिक्षकाने ‘जंप’, ‘टर्न’, ‘ओपन द डोअर’ अशा आज्ञा द्यायच्या, स्वतः करून दाखवायच्या आणि मुलांनी त्या पाळायच्या, बोलणे मागाहून, आपापल्या वेळेला येते. म्हणून आपली मुलगी काही आठवडे गप्प राहिली किंवा तिने इंग्रजी प्रश्नाला मराठीत उत्तर दिले, तर ती मागे पडली असे समजू नये. आपले इंग्रजी बेताचे असल्याचीही अडचण नाही, कारण असल्या दहाबारा आज्ञांवर बराच काळ खेळता येते. पुढे भातुकलीत दुकान मांडावे. ती ‘आय वॉन्ट टू टोमॅटो’ म्हणाली, तर खेळ थांबवून चूक दाखवू नये. दुकानदाराने ‘टू टोमॅटोज? हिअर यू आर’ म्हणत दोन टोमॅटो तिच्या हातावर ठेवावेत. दुरुस्ती झाली आणि दुकानही चालू राहिले.

राहिला वडिलांचा आग्रह. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे ते सुटून जाण्याची भीती नको. दिवसाकाठी पंधरावीस मिनिटे इंग्रजी खेळ व्हावा आणि बाकी रुसणे, भांडणे, रात्रीची गोष्ट हे सारे मराठीतच असावे. आईवडील ज्या भाषेत अडखळतात, त्या भाषेत ते मुलाशी कमीच बोलतात, आणि ते नुकसान चार इंग्रजी शब्दांनी भरून निघत नाही.

प्रश्न : मुलाला ‘ए फॉर ॲपल’पासून ‘झेड’पर्यंत सगळे पाठ आहे, पण तीन अक्षरांचा शब्दही वाचता येत नाही. – एक आजोबा, वसई

उत्तर : त्याला अक्षरांची नावे येतात, आवाज येत नाहीत. मराठीत ‘क’चे नाव आणि आवाज जवळपास एकच असल्यामुळे हा फरक आपल्या सहसा ध्यानात येत नाही, पण ‘एच’ या नावात ‘ह’ कुठेही नाही, आणि ‘डब्ल्यू’ची गोष्टही तीच. सव्वीस अक्षरे एकदम न घेता आधी एस, ए, टी, पी, आय आणि एन ही सहाच घ्यावीत. बाटल्यांच्या झाकणांवर ती लिहून झाकणे सरकवायची आणि आवाज जोडायचे : पिन, टिन, टॅप, पॅन. हे शब्द त्याच्या रोजच्या कानावरचे असल्याने जुळले की ते त्याचे त्यालाच कळते. आजोबांनी मुद्दाम एखादा निरर्थक शब्द जुळवावा आणि नातवाने तो पकडावा, हा डाव मुलांना विशेष आवडतो. ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि ‘डब्ल्यू’च्या आवाजाला ओठांचा चंबू होतो, हे आरशासमोर वेडीवाकडी तोंडे करून दाखवावे. लहान ‘बी’ आणि ‘डी’ लिहिताना उलटसुलट होत असतील, तर या वयात ते साधारणच आहे. तेवढ्यासाठी वही भरून गिरवायला लावू नये.