मार्टिन बेकच्या कादंबऱ्या क्रमानेच वाचायला हव्यात का?

हो, क्रमानेच वाचा. निदान 'कॉप किलर'ला हात लावण्याआधी पहिली दोन पुस्तकं संपवाच. माय श्योवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात स्टॉकहोमचा पोलीस तपास अधिकारी मार्टिन बेक याच्यावर लिहिलेल्या दहा कादंबऱ्या म्हणजे एकच सलग गोष्ट आहे, प्रत्येकी ३० प्रकरणांची. नववी 'कॉप किलर' (१९७४) घ्या: पहिल्या 'रोझॅना'तला आणि दुसऱ्या 'द मॅन हू वेंट अप इन स्मोक'मधला, दोघेही खुनी तिच्यात पुन्हा येतात. ती आधी वाचली तर दोन्ही रहस्यं फुकट जातात. सातवीचा शेवट आणि आठवीची सुरुवातही अशीच जोडलेली आहे. शिवाय बेकचा संसार हळूहळू विस्कटत जातो, स्टॉकहोमचं पोलीस खातं बदलत जातं. ही मालिकेची खरी ताकद, आणि उलटसुलट वाचल्यास नेमकी तीच हातातून निसटते.

अपवाद एकच. मालिका आपल्याला रुचेल का हे आधी पाहायचं असेल, तर चौथी 'द लाफिंग पोलिसमन' (१९६८) घ्या. बसमधल्या सामूहिक हत्येचा तपास स्वतंत्रपणे नीट कळतो. फक्त बेकच्या एका सहकाऱ्याचं काय होतं ते आधीच समजेल. आवडली की मग 'रोझॅना'पासून सुरुवात करा. तिची गती मुद्दाम संथ आहे. तपास महिनोन्‌महिने रखडतो, तेव्हा पन्नास पानांत सोडून देऊ नका.