शर्टावरचे चेक्स, बँकेचा चेक आणि ‘जरा चेक करून बघ’: हा एकच शब्द आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलानं विचारलं, शर्टावरचे चेक्स, बँकेतला चेक, बुद्धिबळातला चेक आणि ‘गॅस बंद केलाय का चेक कर’ यातला चेक हे चार शब्द की एकच? आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. मी बँकेत काउंटरवर कित्येक वर्षं चेक पास केले, पण मलाही हे निवृत्तीनंतरच कळलं. एकच शब्द आहे. शिवाय तो इंग्रजांची वाट न बघता मराठीत आधीच येऊन बसला होता. आपण त्याला ‘शह’ म्हणतो.

फारसीत शाह म्हणजे राजा. पटावर समोरच्याच्या राजावर चाल केली की खेळाडू ‘शाह!’ म्हणून बजावायचा, म्हणजे बाबा रे, राजा सांभाळ. खेळ मुळात आपल्याकडचा. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं, म्हणून चतुरंग. इराणात त्याचं चतरंग झालं, अरबांकडे शतरंज. अरबांकडून तो युरोपात गेला आणि सोबत ‘शाह’ही गेला. लॅटिनमध्ये त्याचं स्काकुस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत पुढचा ‘ए’ गळून चेक उरला. त्याच एशेकच्या अनेकवचनातून ‘चेस’ आला. तेव्हा इंग्रज माणूस चेस खेळू या म्हणतो, तेव्हा खरं तर ‘राजे-राजे खेळू या’ म्हणत असतो!

चेकमेट म्हणजे शाह मात. अरबीत मात म्हणजे मेला, म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘राजा मेला’ असा अर्थ दिलेला दिसेल. मला फारसीतला अर्थ जास्त पटतो: हतबल झाला, अडकला. पटावर राजा मरतच नाही. प्यादी मरतात, वजीर मरतो. राजाला फक्त जायला घर उरत नाही.

आता यातून ‘तपासणे’ कसं निघालं? राजाला चेक बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी त्याला वाचवावं लागतं. त्यावरून कुणालाही अडवणं, लगाम घालणं म्हणजे चेक. लगाम घालायचा तर लक्ष ठेवावं लागतं, लक्ष ठेवायचं तर हिशेब पडताळावा लागतो, असं करत करत शब्द तपासणीवर आला. यातली पहिली पायरी मराठीनंही चढलेली आहे. निवडणूक आली की ‘अमक्याला शह देण्यासाठी तमक्याला उमेदवारी’ ही बातमी असतेच, आणि तिच्या मागोमाग काटशह. पुढच्या पायऱ्या मात्र आपण चढलो नाही. ‘गॅस शह करून ये’ असं कुणी म्हणत नाही. हिंदीनं तर भलतीच वाट धरली. तिकडे शह देणं म्हणजे आतून पाठबळ देणं, फूस लावणं. मराठी माणसानं हिंदी बातमी वाचताना इथे हमखास ठेच खावी.

शर्टाची आणि बँकेची गोष्ट मात्र एका टेबलावरून जाते, आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला एक मोठं टेबल होतं, सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड पसरलेलं असे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून पौंड, शिलिंग, पेन्स यांचे रकाने आखून त्यांत सोंगट्या सरकवायच्या. टेबलाच्या एका बाजूला राजाचे अधिकारी, समोर वसुली घेऊन आलेला शेरीफ. हा सगळा देखावा बुद्धिबळाच्या पटासारखा, म्हणून त्या खात्याचं नाव पडलं एक्स्चेकर, म्हणजे सरळ सरळ ‘पट’. खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७० च्या दशकात या कारभाराचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात तोही म्हणतो की पटावर जशी लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. (याच खात्यातल्या हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत घालून जाळताना १६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनची पार्लमेंटची इमारत पेटली. दप्तर निकाली काढण्याचा याहून महाग प्रकार माझ्या ऐकण्यात नाही.)

पटासारख्या घरांचं कापड ते चेकर्ड, आणि त्याचंच आखूड रूप चेक्स. आपला चौकडीचा शर्ट हाच.

आणि बँकेचा चेक? अठराव्या शतकात चेक म्हणजे काउंटरफॉइल, चेकबुकात मागे राहते ती पट्टी. रकमेत कुणी खाडाखोड केली तर त्या पट्टीवरून पडताळता यावं, म्हणून ‘चेक’. पुढे नाव पट्टीवरून कागदावर सरकलं. ‘क्यू-यू-ई’ हे शेपूट एक्स्चेकरच्या प्रभावानं लागलं. अमेरिकन लोक अजून साधं ‘सी-के’ लिहितात, आणि हॉटेलात बिलालाही चेकच म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने ग्राहक ती पट्टी न चुकता भरायचे. नंतर नंतर ती कोरीच राहू लागली. सरकारी मराठीनं ‘धनादेश’ हा शब्द दिला, मी तो पत्रांत लिहिलाही, पण काउंटरवर येणारा विचारायचा तो ‘साहेब, चेक वटला का?’ हे वटणं मात्र अस्सल आपलं, हुंडीच्या जमान्यातलं.

मुलगा बहुतेक आता चेक प्रजासत्ताकाबद्दल विचारेल. त्याचा या कुटुंबाशी काही संबंध नाही. ते तिथल्या स्लाव लोकांचं नाव आहे आणि इंग्रजीनं त्याचं स्पेलिंग पोलिश भाषेतून घेतलं. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, एवढंच.