‘जीजी’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ‘माझी मुलगी ऑनलाइन बुद्धिबळ खेळते. डाव संपला की, हरो वा जिंको, ती समोरच्याला “जीजी” असे लिहून पाठवते. विचारल्यावर म्हणाली, “गुड गेम, बाबा, स्पोर्ट्समनशिप असते ती.” याला मराठीत खिलाडूवृत्ती म्हणायचे की खेळाडूवृत्ती? आणि “जीजी”च्या जागी लिहिता येईल असे काही आपल्याकडे आहे का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘खेळाडूवृत्ती’ व्याकरणाने चुकीचा नाही, पण रुळलेला शब्द ‘खिलाडूवृत्ती’ हाच आहे आणि तसे होण्याला अर्थाचे कारण आहे. ‘खेळाडू’ हे आपण नाम म्हणून वापरतो; जो खेळतो तो खेळाडू, मग तो कितीही चिडका असो. ‘खिलाडू’ हे मात्र विशेषण आहे आणि ते माणसाच्या स्वभावाला लागते. खिलाडू माणसाने आयुष्यात बॅट हातात धरलेली नसली तरी चालते. या शब्दाचे हिंदीतल्या ‘खिलाडी’शी नाते उघड आहे, पण मराठीत ‘तो मोठा खिलाडी आहे’ असे म्हटले की त्यात चलाखीचा, किंचित लबाडीचाही वास येतो. एकाच मुळावर खेळाडू, खिलाडी आणि खिलाडू असे तीन शब्द आपण तीन कामांना लावले आहेत. त्यामुळे ‘खेळाडूवृत्ती’ म्हटल्यावर खेळणाऱ्याची कोणतीही वृत्ती डोळ्यांपुढे येऊ शकते. ‘खिलाडूवृत्ती’ने एकच येते.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे, कारण ‘खिलाडूवृत्ती’ हे गुणाचे नाव आहे आणि ‘जीजी’ हा उच्चार आहे. समोरासमोरच्या खेळात अशा उच्चाराची फारशी गरज पडत नाही. बालेवाडीत जानेवारी 2020मध्ये झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीनंतर हर्षवर्धन सदगीरने हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. तिथे कोण काय बोलले हे कुणाला विचारावेसेही वाटले नाही. ऑनलाइन खेळात खांदा नाही, हात नाही, चेहराही नाही. एक टोपणनाव, एक घड्याळ आणि गप्पांची एक चिंचोळी चौकट एवढेच असते, त्यामुळे सलामीचे सगळे ओझे दोन अक्षरांवर पडते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तर डाव संपताच ‘जीजी’ची तयार कळ पुढे येते, दाबली की पोचली. (आपल्याकडे ‘जीजी’ म्हटले की शाहिरामागे उभ्या झीलकऱ्यांचे ‘जी जी रं जी’ आठवते. दोन्हींचा संबंध नाही, पण डफावर थाप पडावी तसे ते कानावर पडते खरे.)

‘जीजी’ने व्यवहारात काय काम केले तेही पाहण्यासारखे आहे. 1998मध्ये आलेला ‘स्टारक्राफ्ट’ हा संगणकावरचा युद्धखेळ दक्षिण कोरियात व्यावसायिक पातळीवर खेळला जाऊ लागला, तेव्हा ‘जीजी’ लिहिणे म्हणजे पराभव मान्य करणे असा संकेत तिथे पक्का झाला. हरणाऱ्याने ते लिहायचे आणि मग बाहेर पडायचे. जिंकणाऱ्याने आधी लिहिले तर तो उद्धटपणा ठरे, कारण समोरच्याने हार मानण्याआधीच त्याच्या वतीने ती जाहीर केल्यासारखे होई. म्हणजे अक्षरे तीच, पण ती कोणी आणि केव्हा लिहिली यावर नम्रता ठरते. जिंकणाऱ्याच्या त्या घाईला आपल्या भाषेत ‘जितं मया’ करणे असा नेमका वाक्प्रचार आहे.

सौजन्याच्या शब्दाचा टोमणा होणे ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, शालजोडीतला हा शब्दच आपण घडवला आहे. ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्ध्याशी बोलायला मोजकी तयार वाक्येच असतात. त्यातले ‘सॉरी’ 2016मध्ये काढून तिथे ‘वॉव’ आणले गेले, कारण माफी मागण्यासाठी ते क्वचितच वापरले जाई. समोरच्याला डिवचण्यासाठीच त्याचा उपयोग होई. ‘रॉकेट लीग’ या मोटारींच्या फुटबॉलमध्ये गोल अडवणाऱ्यासाठी ‘काय अडवलास!’ अशा अर्थाचे तयार वाक्य आहे आणि ते सर्वांत जास्त खुपते ते गोल अडवता न आल्यावर, लागोपाठ तीनदा आले की. ‘जीजी’ची गत तीच झाली: त्याला ‘ईझी’ची शेपटी लागली. ‘जीजी ईझी’ म्हणजे ‘तुला हरवणे माझ्या हातचा मळ’. 2016मध्येच आलेल्या ‘ओव्हरवॉच’ या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळाच्या निर्मात्यांनी यावर गमतीचा उपाय केला. ही अक्षरे कोणी लिहिली की त्यांच्या जागी ‘माझी झोपायची वेळ झाली, आईला सांगू नका’ अशा धाटणीचे वाक्य सर्वांना दिसू लागले. टोमण्यावरचा उतारा म्हणून मला हे शिक्षेपेक्षा सरस वाटते.

उलट बाजूला, म्हणजे खिलाडूवृत्तीच्या अभावाला, मराठीत शब्दांची कमतरता नाही. हरायला लागताच नियमांवर वाद घालणाऱ्याचा ‘रडीचा डाव’, आणि तो करणारा ‘चिडका बिब्बा’. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की फोड उठतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही उपमा किती चपखल आहे ते कळेल. ऑनलाइन बुद्धिबळातला रडीचा डाव शांत असतो. दहा मिनिटांच्या डावात वजीर गेलेला, मात दोन चालींवर आलेली, आणि समोरचा चाल न करता उरलेली सहा मिनिटे नुसती वाहू देतो. आपण मात्र पटासमोर अडकून पडतो. इथे एक बारीक भेद जपावा असे मला वाटते. बुद्धिबळाच्या मराठी वृत्तांतांत ‘त्याने एकतिसाव्या चालीला डाव सोडला’ असे वाक्य येते, ते सन्मानाचे आहे, कारण त्यात पराभवाची कबुली आहे. कबुली न देता खिडकी बंद करून जाणे म्हणजे ‘डाव टाकून उठणे’. अनेकजण दोन्हींना ‘सोडून गेला’ म्हणतात, ते टाळता येईल.

आता ‘जीजी’चा पर्याय. सहज सुचणारे उत्तर ‘छान खेळलास’ हे आहे, पण ते लिहिताना मराठी क्रियापद दोन चौकशा करते. समोरचा पुरुष असेल तर ‘खेळलास’, स्त्री असेल तर ‘खेळलीस’. आणि वयाने, मानाने मोठा असेल तर ‘खेळलात’. टोपणनावाआडचा माणूस बारा वर्षांची मुलगी आहे की निवृत्त बँक अधिकारी, हे आपल्याला ठाऊक नसते. ‘छान खेळलात’ने लिंगाचा प्रश्न सुटतो, पण नऊ वर्षांच्या प्रतिस्पर्ध्याला ‘तुम्ही’ म्हणण्यात एक अवघडलेपण राहते. शिवाय जिंकणाऱ्याने ‘छान खेळलात’ म्हटले की त्याला शाबासकीचा, वरून खाली पाहण्याचा स्वर सहज चिकटतो.

म्हणून मी ‘डाव रंगला’ सुचवेन. यात कर्ता डाव आहे, खेळणारे नाहीत. ‘गुड गेम’मध्येही कौतुक खेळाचेच आहे. मैफल रंगते, सामना रंगतो, गप्पा रंगतात, आणि यांपैकी काहीही एकट्याने रंगत नाही. हरलेल्याने लिहिले तरी त्यात रड नाही आणि जिंकलेल्याने लिहिले तरी तोरा नाही. याला शेपटी लावून टोमणा करणेही जरा अवघडच आहे. एक अडचण मात्र राहते: बारा चालींत मात झाली असेल तर डाव रंगला म्हणणे हाच शालजोडीतला होईल. अशा वेळी ‘पुन्हा बसू या’ पुरेसे आहे. उट्टे काढण्याची किंवा वचपा काढण्याची भाषा वृत्तपत्रांच्या मथळ्यांना शोभते, अनोळखी माणसाला संदेश पाठवताना ती नको.

जाता जाता, याच वाचकाने ‘अखिलाडू’ हा शब्द चालेल का, असेही विचारले आहे. ‘अ’ हा उपसर्ग संस्कृत शब्दालाच लागावा असा आक्षेप त्यावर कधी कधी घेतला जातो. पण अबोल, अचूक, अजाण हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतो, तेव्हा ‘अखिलाडू’लाच अडवण्याचे कारण नाही.