तुटलेला शाफ्ट आणि मुलीचे करिअर

सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मिल विभागाचे फोरमन असलेल्या पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकते. गेल्या हंगामात मिलच्या वरच्या रोलरचा शाफ्ट जर्नलजवळ, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाजवळ, तुटला, तेव्हा ती सुट्टीसाठी घरी आली होती आणि वडिलांबरोबर तुटलेला तुकडा पाहायला गेली. उसाबरोबर लोखंडाचा तुकडा आत गेला असणार, असे सर्वांचे मत पडले. मुलीने मात्र विचारले, “शाफ्ट एका झटक्यात तुटला असेल, तर तोंडाचा एवढा मोठा भाग गुळगुळीत आणि काळा कसा? आणि उरलेला कोपराच तेवढा खडबडीत आणि चमकदार का?” तेव्हापासून तिला फेल्युअर ॲनालिसिस, म्हणजे यंत्रांचे भाग का तुटतात याचा अभ्यास आणि ते तुटू नयेत अशी रचना, हेच करायचे आहे. वडील विचारतात: तुटलेल्या वस्तूंवर कोणाचे पोट भरते का, मुलीच्या जातीला हे झेपेल का, आणि कॉलेजात येणाऱ्या आयटी कंपन्यांना तिने नकार द्यावा का?

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी आपल्या मुलीच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझे उत्तर त्यातूनच निघणार आहे. पत्रातील वर्णनावरून निदान करणे योग्य नव्हे. तरीही तिने जे पाहिले ते बरोबर असेल, तर लोखंडाच्या तुकड्याचा तर्क टिकणे कठीण आहे. मिलचा शाफ्ट फिरताना किंचित वाकलेला असतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. रोलर मिनिटाला चार फेरे घेतो असे धरले, तरी दिवसाला 5,760 आणि दीडशे दिवसांच्या हंगामात 8,64,000 वेळा हे घडते. एखाद्या फिलेटच्या (जाडी बदलते तिथल्या गोलाईच्या) कोपऱ्यात, गंजाच्या खड्ड्यात किंवा शेल, म्हणजे रोलरचे बाहेरचे कवच, जिथे शाफ्टवर घट्ट बसते तिथल्या सूक्ष्म घर्षणाच्या जागी केसाएवढा तडा जन्मला, की तो दर फेऱ्याला अगदी थोडा पुढे सरकतो. त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात, त्यात रस आणि तेल झिरपून काळेपणा येतो, आणि शिल्लक राहिलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला की तेवढा भाग एका क्षणात तुटतो. तोच खडबडीत, चमकदार कोपरा. हा कोपरा जितका लहान, तितका नेहमीचा भार शाफ्टच्या ताकदीच्या मानाने कमी होता, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे आपला शाफ्ट त्या रात्री तुटला हे खरे असले, तरी तो बहुधा कित्येक महिने, कदाचित एकाहून अधिक हंगाम, तुटतच होता. धातूच्या या शिणवट्याला कारखान्यात ‘फटिग’ म्हणतात. प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डब्यांच्या आसांवर हेच प्रयोग वर्षानुवर्षे केले, आणि एका खेपेला सहज पेलणारा भार लाखो खेपांनी आस तोडू शकतो हे आकड्यांनी दाखवले.

मुलीने पुस्तक न उघडता, केवळ बघून, सर्वांच्या मताला हरकत घेतली. मला या क्षेत्रातील अनेक तरुण भेटले, पण ही सवय थोड्यांत आढळली. सुरुवातीला माझ्यातही ती नव्हती. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी अकरा वर्षे एका फोर्जिंग (तापवलेला धातू ठोकून भाग घडवणाऱ्या) कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे ग्राहकाकडून स्टिअरिंगचा एक तुटलेला भाग परत आला. मी काठिण्य तपासले, रासायनिक पृथक्करण केले, सूक्ष्मदर्शकाखाली रचना पाहिली, सर्व काही प्रमाणात भरले, आणि ‘धातूत दोष नाही’ असा अहवाल लिहून मोकळा झालो. माझ्या वरिष्ठांनी तो तुकडा खिडकीच्या उजेडात फिरवला आणि साध्या भिंगातून मला दाखवले, की तड्याची सुरुवात बरोबर एका आकड्याच्या खाचेत होती. भागाचा क्रमांक ठोकण्याचा पंच आमच्याच माणसांनी नेमका वळणाच्या गोलाईवर, म्हणजे ताण सर्वाधिक असतो तिथे, मारला होता. माझा अहवाल खोटा नव्हता, निरुपयोगी होता. पुढे क्रमांकाची जागा बदलली, ड्रॉइंगवर तशी टीप आली, आणि त्या जागेवरून तुटलेला भाग मी तिथे असेपर्यंत परत आला नाही. सुरक्षित रचना म्हणजे पुष्कळदा इतकी छोटी, कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट असते.

हे काम किती खोल जाऊ शकते याचे एक उदाहरण मुलीने सविस्तर वाचावे असे सुचवतो. ब्रिटनचे कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. 1954 च्या जानेवारीत एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरे नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. एल्बाजवळचे अवशेष नौदलाने समुद्रतळातून वर काढले आणि फार्नबरो येथील संशोधन संस्थेत ते पुन्हा विमानाच्या आकारात जुळवण्यात आले. दरम्यान दुसरे एक कॉमेट मोठ्या टाकीत ठेवून, त्यात पाणी भरून, प्रत्येक उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब जसा चढतो आणि उतरतो तसा तो पुन्हा पुन्हा चढवला आणि उतरवला गेला. पाणीच का, हा प्रश्न मुलीला अवश्य विचारा. हवा दाबली जाते आणि कवच फुटताच स्फोटासारखी बाहेर पडून पुरावा उद्ध्वस्त करते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून तडा गेला की दाब तत्काळ उतरतो आणि तड्याची जागा शाबूत राहते. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतील आवर्तने मिळून 3,057 आवर्तनांनंतर केबिन खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटली.

यातील खरा धडा मात्र उत्पादकाच्या आधीच्या चाचणीत आहे. त्यांनीही केबिनचा भाग तपासला होता आणि तो 16,000 हून अधिक आवर्तने टिकला होता. मग विमाने इतक्या लवकर का फाटली? कारण चाचणीचा तो भाग आधी जवळजवळ दुप्पट दाबाला ताणून पाहिलेला होता. त्या मोठ्या ताणाने कोपऱ्यांजवळचा धातू कायमचा किंचित ताणला गेला, हवेचा दाब उतरल्यावर तिथे धातूला आतल्या आत दाबून धरणारा ताण शिल्लक राहिला, आणि तो तड्याला रोखून धरू लागला. चाचणीचा नमुना अशा रीतीने प्रवासी नेणाऱ्या विमानांहून वेगळा झाला होता. चाचणी प्रामाणिक होती आणि तरीही फसवी होती. संगणकावर ताणाची रंगीत चित्रे काढणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण लाल रंग कुठे दिसतो हे सॉफ्टवेअर सांगते, पण आपण भार आणि आधार खरे दिले की नाही हे ते विचारत नाही.

प्रत्येक वेळी दोष धातूत किंवा थकव्यात असतो असेही नाही. 1981 च्या जुलैमध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे एका हॉटेलातील टांगते पूल कोसळून 114 माणसे दगावली. मूळ आराखड्यात दोन्ही पूल छतापासून उतरणाऱ्या एकाच लांब सळईवर स्वतंत्रपणे टेकणार होते. जोडणी सोपी व्हावी म्हणून त्या सळईचे दोन तुकडे करण्यात आले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला. त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालील नटाच्या जोडावर दुप्पट भार आला. बदल कागदावर क्षुल्लक दिसत होता आणि कोणी पुन्हा गणित केले नाही. आपल्या मिल हाउसमध्येही ‘साहेब, इथे एक भोक पाडून घेऊ का’ असे कोणी विचारते, तेव्हा प्रश्न याच जातीचा असतो. रुंद पट्टीतल्या गोल भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो.

आता पोटापाण्याचे. ‘फेल्युअर ॲनालिस्ट’ या नावाची जाहिरात वर्तमानपत्रात क्वचितच दिसेल, आणि बी.ई. होताच हे काम हाती देणारे फार थोडे. माणसे इथे आडवाटेने पोहोचतात: फोर्जिंग आणि फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागातून, वाहन कंपन्यांच्या चाचणी विभागातून, खासगी परीक्षण प्रयोगशाळांतून, तेल शुद्धीकरण आणि वीज केंद्रांच्या तपासणी विभागांतून. पुण्यात एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी या संस्था वाहने आणि त्यांच्या भागांच्या चाचण्या करतात. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, बंगळूरची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, रेल्वेची लखनौ येथील संशोधन संस्था आरडीएसओ आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांना ही विद्या रोजच्या कामासाठी लागते. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुधा कमी असेल, हे मी लपवणार नाही. मात्र या कामात अनुभवाची किंमत वयाबरोबर वाढते, आणि पन्नाशीचा जाणता माणूस विमा कंपन्यांना, न्यायालयांना आणि कारखान्यांना सल्ला देऊन स्वतंत्रपणे उभा राहू शकतो.

शिक्षणात तिची मोठी उणीव धातुशास्त्राची असेल. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात या विषयाला एखाद-दुसरा पेपर मिळतो आणि विद्यार्थी तो पाठ करून विसरतात. तिने मात्र हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, गंज आणि फ्रॅक्चर मेकॅनिक्स (तडे कसे वाढतात याचे शास्त्र) हे विषय मनापासून वाचावेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे ती यंदाच एकदा बसून पाहू शकते. मेकॅनिकलच्या पेपरातून डिझाइनमधील एम.टेक. मिळते. धातुशास्त्राकडे जायचे असल्यास मुंबईची आयआयटी, नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी येथे ते विभाग जुने आहेत. मेकॅनिकलच्या पदवीधरांसाठी त्यांच्या अटी तिने आधी पाहून घ्याव्यात. माझा कौल धातुशास्त्राकडे आहे, कारण डिझाइनचे गणित नोकरीत शिकता येते, तुटलेले तोंड वाचायला मात्र कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. गेटच्या गुणांवर पूर्णवेळ प्रवेश मिळाल्यास सध्या दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन असते, म्हणून खर्चाची आपली चिंता बरीच हलकी होईल. याखेरीज अल्ट्रासॉनिक, मॅग्नेटिक पार्टिकल आणि डाय पेनिट्रंट या, भाग न तोडता तडे शोधणाऱ्या, तपासण्यांचे लेव्हल टू (दुसऱ्या पातळीचे) प्रमाणपत्र सुट्टीत सुरू करावे. ते केवळ वर्गात बसून पुरे होत नाही, ठरावीक तासांचा अनुभव लागतो, आणि आपल्या कारखान्यात हंगामानंतरच्या ओव्हरहॉलिंगमध्ये शाफ्ट तपासायला येणाऱ्या मंडळींबरोबर उभे राहण्याची सोय तिला घरबसल्या आहे.

मुलीच्या जातीला झेपेल का, याचे उत्तर मी थोडक्यात देतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेली वेल्डिंगची मालवाहू जहाजे थंड समुद्रात काचेसारखी फुटू लागली, तेव्हा बहुतेकांनी दोष वेल्डिंगवर टाकला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी दाखवले, की ते पोलादच ठरावीक तापमानाखाली ठिसूळ होत होते. प्रत्यक्ष अडचणी वेगळ्या आहेत: रात्री-अपरात्री साइटवर जाणे, बॉयलरच्या ड्रममध्ये शिरणे, आणि ज्याचा दोष निघणार आहे त्या माणसाशी त्याच्याच कार्यालयात शांतपणे बोलणे. पहिल्या दोन गोष्टींसाठी चांगल्या कंपन्या व्यवस्था करतात. तिसरी स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच जड जाते, आणि या व्यवसायातून माणसे बाहेर पडताना मी पाहिली ती बहुतेक तिच्यामुळेच.

आयटीची नोकरी तत्त्व म्हणून नाकारू नये. घरची गरज असेल तर ती घ्यावी, मात्र वर्षभराहून अधिक रेंगाळू नये, कारण हाताची आणि डोळ्यांची सवय मोडली की परतणे अवघड होते. पर्याय हाती असल्यास, कमी पगाराची का होईना, कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागातील जागा मी तिच्यासाठी अधिक पसंत करीन. तिथे दर आठवड्याला काहीतरी तुटलेले टेबलावर येते.

एक काम मात्र आपण लगेच करावे. तो शाफ्ट अजून आवारात असेल, तर भंगाराच्या लिलावात जाण्यापूर्वी कारखान्याची लेखी परवानगी घेऊन त्याच्या तुटलेल्या तोंडाची एक जाड चकती तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी राखून ठेवा. कापताना गॅस कटर वापरू नका. तोंडापासून निदान एक वीत लांबवर, थंड पाणी सोडत, पॉवर हॅकसॉने कापा, म्हणजे उष्णतेने धातूची रचना बदलणार नाही. तोंडाला वायर ब्रश लावू नका, दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहू नका, हलके तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आणि शाफ्ट फिरत असताना कोणती बाजू पिनियनकडे (रोलर फिरवणाऱ्या दातेरी चाकाकडे) होती ते खडूने लिहून ठेवा. तेवढी खूण राहिली नाही, तर तडा कुठून निघाला हे तिला कळेल, पण का निघाला हे सांगता येणार नाही.